जांभळ्या टोपीचा डबा

या, असे पुढं सरकून बसा. तिकडं भिंतीला टेकलात तर शब्द ऐकू येतील, पण आतलं काही पोचायचं नाही. गोष्ट सांगतो ती लांबची, ओहायोतल्या डेटन गावची, पण माणसं जवळचीच निघतील. तीत चोरी नाही, दरोडा नाही, कुणी कुणाला पळवून नेत नाही. एका म्हाताऱ्याला एका मंगळवारी प्रश्न सुचेनासा झाला, इतकीच ती गोष्ट. ऐकून झाली की मी तुमच्याकडं एक मागणं मागणार आहे. मागणं लहान आहे. पण ते आत्ताच सांगत नाही.

त्या मंगळवारी व्हर्लिन हॅस्क्यू जूनबगच्या दुकानात केस कापायला बसला होता. जूनबग साठीला आला तरी आईनं पाळण्यात ठेवलेलं हे लाडाचं नावच त्याला चिकटून राहिलं होतं. खरं नाव आता त्याच्या वाहनपरवान्यालाच माहीत. व्हर्लिनच्या गळ्याभोवती पट्टेरी कापड, मानेवर मशीनची गुणगुण, अंगात ती न्हाव्याच्या खुर्चीतली गोड गुंगी. समोरच्या काचेबाहेर फुटपाथवर तीन कबुतरं सांडलेले बटाट्याचे काप टिपत हिंडत होती. व्हर्लिन सहज म्हणाला, "काय रे, ही कबुतरं चालताना मान का हलवत असतील?" बाकावर सहाजण नंबर लावून बसले होते, सहाही हातांत सहा फोन. कुणी मान वर केली नाही. वरच्या टीव्हीवर कसल्याशा निवडणुकीला उभा राहिलेला एक गोरा गृहस्थ छाती पुढं काढून सांगत होता, की मी पुस्तकं वाचत नाही, मी माणसं वाचतो. आणि तिथले लोक टाळ्या वाजवत होते. मग जूनबगनं मशीन बंद केलं आणि आरशात व्हर्लिनकडं बघून म्हणाला, "का हो काका? अंडी घालायचा विचार आहे की काय?" सगळं दुकान हसलं. व्हर्लिनही हसला. बाकावरचा एकजण म्हणाला, "त्याचं काय करायचंय कळून?" आणि प्रश्न तिथंच, कापलेल्या पांढऱ्या केसांबरोबर, खाली पडला. जूनबगनं झाडू मारला.

घराकडं चालत येताना व्हर्लिनला टोचत होतं ते त्यांचं हसणं नव्हे. ती माणसं त्याची होती. त्यांतल्या दोघांच्या लग्नात तो नाचला होता, एकाच्या बापाची शवपेटी त्यानं खांद्यावर घेतली होती. त्यांच्या थट्टेत माया होती हे त्याला कळत होतं. टोचत होतं ते स्वतःचं हसणं. आणि त्याच्याही खाली आणखी काहीतरी, बुटात शिरलेल्या खड्यासारखं: कबुतरं मान का हलवतात हे आपल्याला तरी खरंच हवं होतं का? की काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, खोकल्यासारखं? याच दुकानात, जूनबगचा बाप वस्तरा चालवायचा तेव्हा, पुलाखाली मायामी नदी किती खोल असेल हा प्रश्न तीन आठवडे पुरला होता. कुणी म्हणे वीस फूट, कुणी म्हणे साठ. शेवटी एका शनिवारी सहा मोठे बाप्ये दोरीला इस्त्री बांधून पुलाच्या कठड्यावर उभे राहिले, आणि पोलिसाची गाडी थांबली, आणि पोलिसानंही उतरून विचारलं, मग किती भरली? किती भरली होती ते आता व्हर्लिनला आठवेना. पोलिसाचं वाकून बघणं आठवत होतं. ओल्या दोरीचा वास आठवत होता.

घरी आल्यावर त्यानं नेहमीसारखं केलं. स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, कागदाच्या पाच चिठ्ठ्या फाडल्या, तीन वेगवेगळी पेनं मांडली आणि लिहायला बसला. हे काय ते सांगायला हवं. ब्रूम स्ट्रीटवरच्या, काळ्या वस्तीतल्या बेरिया चर्चमध्ये एक जुनी चाल होती. ज्या महिन्यात पाच रविवार येतात, त्या महिन्यातला पाचवा रविवार प्रश्नांचा. दाराशी टेबलावर टोपीचा एक गोल डबा ठेवलेला असायचा, झाकणाला चीर पाडलेला. ज्याला जे पडेल ते त्यानं नाव न घालता लिहून टाकायचं, आणि पाळकानं त्यांतला एक प्रश्न उचलून त्यावर उपदेश करायचा. डबा व्हर्लिनची बायको आर्झेला हिचा. तिची जांभळी टोपी त्यातून आली होती, ईस्टरची. डबा सांभाळायचं काम चर्चचा डीकन, म्हणजे मानाचा सेवेकरी, म्हणून व्हर्लिनकडं. उपासनेआधी चिठ्ठ्या काढायच्या, घाणेरडी किंवा चेष्टेची असेल ती बाजूला करायची, बाकीच्या पाळकाच्या हाती द्यायच्या. एके काळी डबा दाबून भरावा लागायचा. मग दहा चिठ्ठ्या, मग चार. मग एका पाचव्या रविवारी डब्यात नुसतं च्युइंगमचं वेष्टन निघालं, आणि व्हर्लिननं तिथंच खांबाआड उभं राहून देवाची क्षमा मागून दोन चिठ्ठ्या स्वतः लिहिल्या, एक उजव्या हातानं, एक डाव्या. तेव्हापासून तीन वर्षं सगळे प्रश्न तोच लिहीत होता. पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्यानं टेबलाशी जीभ बाहेर काढून डाव्या हातानं लहान मुलीचं अक्षर काढावं, हे पाप म्हणावं की भक्ती, याचा निवाडा मी करत नाही. पण आज पेन टेकलं, आणि काहीच आलं नाही. घड्याळ टिकटिकत होतं. शेजाऱ्याच्या कुत्र्यानं भुंकायचं थांबवलं. व्हर्लिननं डोळे मिटून मनाच्या तळाशी हात घातला. पूर्वी तिथं काहीतरी वळवळत असायचं. आज हात कोरडा वर आला.

तो घाबरला. एकतीस वर्षं त्यानं पाणीखात्यात मीटर वाचले होते. रोज साठ-सत्तर घरांची तळघरं. बायका दार उघडून म्हणायच्या, "मीटरवाला आलाय," आणि तो टॉर्च घेऊन त्या ओलसर, कोळशाच्या वासाच्या अंधारात उतरायचा. आणि प्रत्येक तळघर त्याला काहीतरी विचारायचं. हा पाळणा अजून का ठेवलाय? ही एवढी बरणीतली भोपळी मिरची कोण खाणार? हा माणूस खाली येऊन एकटाच ट्रंपेट वाजवतो का, की वाजवायचं सोडलंय म्हणून तो खाली ठेवलाय? आकडा लिहून वर येईपर्यंत पोट प्रश्नांनी भरलेलं. संध्याकाळी ते सगळे आर्झेलापुढं ओतायचे. ती इस्पितळाच्या धुलाईघरातून आलेली असायची, हाताला गरम चादरींचा वास, पाय बादलीत सोडलेले. ऐकायची. "मग तुला काय वाटतं, व्हर्लिन?" म्हणायची. प्रत्येक वेळी हेच. "मग तुला काय वाटतं?" सहा वर्षं झाली ती गेल्याला. सहा वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

बुधवारी दुपारी चर्चच्या तळमजल्यावर बायबलचा वर्ग झाला, चार टाळकी. नंतर तो आणि पाळक खुर्च्या मिटवत होते. पाळक म्हणजे रेव्हरंड डेमेट्रिक पूल, चौतीस वर्षांचा, गोड गळ्याचा, अंगानं शिडशिडीत. पोरानं सूर लावला की खिडक्या थरथरायच्या. त्यानं खुर्ची भिंतीला लावली आणि म्हणाला, "डीकन, एक बोलू? रागवायचं नाही."

"रागवायचं की नाही ते ऐकून ठरवतो."

"गेली तीन वर्षं त्या डब्यातले सगळे प्रश्न एकाच माणसाला पडताहेत, असं मला वाटतं."

व्हर्लिन खुर्चीची बिजागरी बघत राहिला. "देवही एकच आहे, रेव्हरंड."

पूल इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. "देव डाव्या हातानं लिहीत नाही पण. आणि लिहिलं तरी सगळी अक्षरं मागं कलंडत नाहीत." मग हसणं ओसरलं. गुडघ्यांवर कोपरं टेकून तो म्हणाला, "तुम्ही मला बापासारखे. पण माझं ऐका. पाचव्या रविवारी माणसं येत नाहीत. हायवेवरच्या त्या मोठ्या चर्चमध्ये पस्तीस मिनिटांत सुटतात, वर कॉफी. आपल्याकडं लोक म्हणतात, पास्टर, शिकवू नका, पेटवा. आठवडाभर डोकं खाऊन घेतलेलं असतं त्यांनी, रविवारी डोकं नको असतं. त्यांची काय चूक?" मग म्हणाला, "येत्या रविवारी तुमचा सोडून एक तरी प्रश्न डब्यात असू द्या. एक. मी तोच घेईन, बायबलची शपथ. नसला, तर पाचवा रविवार बाकीच्या रविवारांसारखा. आणि डबा तुम्ही घरी न्या. तुमच्या घरचाच आहे तो."

गुरुवार-शुक्रवार व्हर्लिन प्रश्न मागत फिरला, जोगवा मागितल्यासारखा. चर्चच्या वडीलधाऱ्या, नव्वदीच्या मदर बीसलीनं व्हरांड्यात शेंगा सोलता सोलता सांगितलं, "बाळ व्हर्लिन, मला विचारायचं ते आता थोड्याच दिवसांत समोरासमोर विचारीन की. चिठ्ठीचा खर्च कशाला?" जूनबग म्हणाला, "काका, मी काय विचारू? गुडघा दुखतो, गाडी सुरू होत नाही, आणि लेक फोन करत नाही. यातलं पास्टरला काय ठाऊक असणार?" अटलांटाहून मुलीचा फोन आला तेव्हा व्हर्लिननं तिलाही घोळात घेऊन पाहिलं. ती म्हणाली, "डॅडी, इतका विचार करू नका, बीपी वाढतं." सगळी प्रेमानंच बोलत होती. या गावात आता प्रश्नाला कुणी दगड मारत नाही. त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि त्याला निजवतात.

आणि जुन्या पाळकाची आठवण त्याला दिवसभर सोडत नव्हती. रेव्हरंड आयसम टॉलिव्हर. आठवीपर्यंत शिकलेला, ओतीव लोखंडाच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा, आणि ग्रंथालयाचं कार्ड पाकिटात आईच्या फोटोशेजारी ठेवणारा. त्याचा उपदेश म्हणजे, तुम्हाला आपल्या शब्दांत सांगतो, पूर्वरंग आणि उत्तररंग. आधी तो शिकवायचा, अगदी साधं, शाळामास्तरासारखा. येशूनं दिलेला मोहरीच्या दाण्याचा दाखला असला की मोहरीचं पाकीटच घेऊन यायचा, पहिल्या रांगेतल्या बायकांच्या तळहातावर एकेक दाणा ठेवायचा. आणि मग हळूहळू आवाज चढायचा, ऑर्गनवाला खालून सूर धरायचा, आणि बोलणं कधी गाणं झालं ते कुणाला कळायचं नाही. एका ईस्टरला तो म्हणाला होता, "येशूच्या कबरीच्या तोंडावरचा धोंडा. सहा फूट रुंद धरा, फूटभर जाड, गोल. मी विचारतो, वजन किती?" आणि विचारून थांबला. खरंच थांबला. तिसऱ्या-चौथ्या रांगेत कारखान्याची माणसं बसलेली. रोज लोखंड उचलणारे हात ते. त्यांनी दानाच्या पाकिटांच्या पाठीवर पेन्सिलीनं गणितं मांडली. बायका कुजबुजून चुका काढत होत्या. मग एकजण उठून ओरडला, "दोन टन, रेव्हरंड!" दुसरा म्हणाला, "सव्वादोन! तू फुटाचा भाग खाल्लास!" टॉलिव्हरनं डोळे मिटले. "सव्वादोन टन," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा ते गाणं होतं. सव्वादोन टन, आणि भल्या पहाटे. सव्वादोन टन, आणि बाया तीनच. सव्वादोन टन, आणि लोटणार कोण? अख्खं चर्च उभं. गणित करणारा तो दांडगा माणूस पाकीट छातीशी धरून रडत होता, कारण तो धोंडा आता त्याचा होता, त्यानं तोलला होता. ज्ञान आणि भक्ती अशी दोन भांडी असतात, हे व्हर्लिनला त्या दिवसानंतर कुणी पटवू शकलं नाही.

शनिवारी दुपारी, उन्हं स्वयंपाकघराच्या फरशीवर आली तेव्हा, तो मीटरवाल्याची जुनी चामड्याची पिशवी काढून बसला. स्वतःला त्यानं सांगितलं की आपण जुना एखादा प्रश्न शोधतोय, पुन्हा चालवायला. सगळ्या जुन्या चिठ्ठ्या त्यानं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपल्या होत्या, आणि तो डबा त्या पिशवीत होता. चिठ्ठ्या त्यानं टेबलावर पसरल्या. 'माशाच्या पोटात योनाला श्वास कसा घेता आला?' 'स्वर्गात माझा पाय परत मिळेल का, की तिथं पाय लागत नाहीत?' 'पेत्राच्या बायकोचं नाव काय?' 'मी सासूला माफ केलंय पण आवडून घ्यायलाही हवं का?' तो हसला. एकदा चष्मा काढून पुसला. पण हात शोधत होते ते डब्यात नव्हतंच, आणि हे हातांना पहिल्यापासून ठाऊक होतं. पिशवीच्या आतल्या कप्प्यात त्याची जुनी मार्गवही होती, मीटरचे आकडे लिहायची, मेणकापडी पुठ्ठ्याची. तिच्यात एका पानाला कागद चिकटून बसला होता. किराण्याच्या यादीचा कागद, त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या वहीचा. एका अंगाला: मैदा, साबण, डुकराचं मांस, सुई. दुसऱ्या अंगाला शाई फिकी पडून तपकिरी झाली होती, पण वाचता येत होती.

'रेव्हरंड, शेवटी तुम्ही जे गाता ते खरं आहे हे आधी माहीत असतं म्हणून गाता, की गाता गाता ते खरं होतं?'

छत्तीस वर्षांपूर्वीचा पाचवा रविवार. खांबाआड उभं राहून त्यानं डबा उघडला होता. चार चिठ्ठ्या. चौथी हातात आली आणि त्यानं साबण, सुई ओळखलं, अक्षर ओळखलं. ती त्यानं दोनदा वाचली. त्या वर्षी टॉलिव्हरवर लोक उठले होते, चिठ्ठ्याही म्हणूनच आटल्या होत्या. उपदेशाच्या या पुल्पिटात पुस्तकं फार झाली, येशू कमी झाला, असं दाराबाहेर उघड बोललं जात होतं. पाळकाला गाणं खरं का खोटं विचारायचं म्हणजे त्या लोकांच्या हाती काठी. असं त्यानं त्या क्षणी स्वतःला सांगितलं, आणि चिठ्ठी कोटाच्या खिशात टाकली; तिथून ती पुढं मार्गवहीत गेली. चेष्टेच्या चिठ्ठ्या काढायचा अधिकार त्याला होता. ही चेष्टा नाही हेही त्याला कळत होतं. आता, फरशीवरचं ऊन पायांवर चढत असताना, त्याला त्याखालचं दुसरं दिसलं. आपल्या शेजारी झोपणारी, आपल्या मोज्यांना रफू करणारी ही बाई दर रविवारी दुसऱ्या सुरात गाता गाता असं काही विचारत असते, आणि हे आपल्याला माहीत नाही. आणि माहीत करून घ्यायचंही नाही. हजारो तळघरांत टॉर्च घेऊन उतरलेला माणूस, आपल्याच घरातल्या जिन्याच्या तोंडाशी थबकला होता.

त्या दिवशी ती जांभळी टोपी घालून तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती. हातमोजे काढून मांडीवर ठेवले होते. टॉलिव्हरनं नोहाच्या तारवाला खिडकी किती मोठी होती, हा प्रश्न घेतला. लोक हसले, मग रडले, मग नाचले. छानच झाला तो उपदेश. घरी आल्यावर ती तव्यावर मांसाचे तुकडे परतत होती. पाठमोरीच म्हणाली, "आज किती चिठ्ठ्या होत्या रे?"

"तीन," तो म्हणाला.

"तीन," ती म्हणाली, आणि तुकडा उलटला. तेल चरचरलं. बस, एवढंच. पुढची तीस वर्षं ती त्याला विचारत राहिली, मग तुला काय वाटतं, व्हर्लिन? स्वतः पुन्हा कधी डब्यात काही टाकलं नाही.

रविवारी सकाळी तो लवकर गेला. डबा टेबलावर होता. पट्टे उडालेला, झाकणाला चिकटपट्टी. त्यानं आत डोकावून पाहिलं, रिकामा. मग खिशातून तो कागद काढला. एक क्षण वाटलं, नवीन कागदावर उतरवावा, निदान साबण-सुई तरी दिसायला नको. नाही उतरवला. चिरेतून सोडला, आणि कागद तळाशी पडल्याचा आवाज झाला, पान पडावं इतका. मग पाळकाच्या खोलीत डबाच नेऊन दिला आणि म्हणाला, "एक आहे. माझा नाही."

पूलनं त्याच्याकडं पाहिलं. "शपथ?"

"बायबलवर हात ठेवू?"

"नको. तुमचा चेहराच पुरे झाला."

साठएक माणसं होती, अर्धी बाकं रिकामी. जूनबग शेवटच्या बाकावर, आईनं लावलेली सवय म्हणून येणारा, जाकीट न काढता बसलेला. गाणी झाली, दान झालं. पूल पुल्पिटात उभा राहिला, चिठ्ठी उलगडली, मोठ्यानं वाचायला लागला आणि 'गाता गाता' पाशी त्याचा आवाज खाली आला. वाचून संपलं. तो कागदाकडं बघत राहिला. ऑर्गनवाल्याला वाटलं पोरगा अडला, म्हणून त्यानं खालून हळूच एक सूर पुढं केला, आंधळ्याला हात द्यावा तसा. पूलनं बोट वर केलं. सूर थांबला. असली शांतता त्या इमारतीला सवयीची नव्हती. कुठंतरी हीटरमध्ये पाणी गुळगुळलं ते सगळ्यांनी ऐकलं.

"सावकाश, बाळा," मदर बीसली पुढच्या रांगेतून म्हणाली. "सावकाश घे."

"मला माहीत नाही," पूल म्हणाला.

"आमेन!" मागून कुणीतरी सवयीनं ओरडलं, आणि सगळं चर्च हसलं, पूलही हसला, पण हसणं विरलं तरी तो तिथंच होता. रुमालानं त्यानं कपाळ पुसलं. "खरं सांगतो. काही रविवारी मी सूर लावतो तेव्हा मला काहीच माहीत नसतं. गुरुवारी आईचा रिपोर्ट आला होता एकदा, तेव्हा मी तुमच्यापुढं गायलो की देव भला आहे. पहिल्या ओळीला मला ते खोटं वाटत होतं. दुसऱ्यालाही. तुम्ही ओरडत होता, मदर बीसली उभ्या होत्या. चौथ्या-पाचव्या ओळीला कुठंतरी..." त्यानं चिठ्ठीकडं पुन्हा पाहिलं. "म्हणजे ते खरं होतं म्हणून मी गायलो? की तुम्ही सगळ्यांनी मिळून खरं केलं? हे मला आजवर कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं." त्यानं कागद वर धरला. "चाल मोडतोय, माफ करा. पण कुणाचा आहे हा?"

व्हर्लिनचे गुडघे त्याच्याआधी उठले. समोरच्या बाकाची पाठ धरून तो उभा राहिला. "माझ्या बायकोचा," तो म्हणाला. "आर्झेलाचा. छत्तीस वर्षांपूर्वी टाकला होता तिनं. मी खिशात घातला. रेव्हरंड टॉलिव्हरना दिलाच नाही." कुणी आ केला नाही, कुणी चुकचुकलं नाही. मदर बीसली अवघडून मागं वळली, टोपीची पिसं हलली. "झेलाचा?" ती म्हणाली. "त्या दिवशी माझ्या शेजारीच होती ती. हातमोजे काढून बसलेली. मी म्हटलं, झेला, थंडी नाही का वाजत? म्हणाली, मदर, वाट बघतेय. मला वाटलं, हे नवरा-बायकोचं काही असेल." ती पुन्हा पुल्पिटाकडं वळली. "मला वाटतं, गाता गाताच होतं ते खरं. पण कुणीतरी आधी धोंडा तोलून ठेवलेला असावा लागतो." मग डावीकडून कुणी म्हणालं, नाही, मदर, मला नाही पटत. मग आणखी कुणी. त्या दिवशी उपदेश झाला असं म्हणता येणार नाही. सूर काही चढला नाही. पण सव्वा तास कुणी घड्याळ बघितलं नाही, आणि हायवेवरची कॉफी एव्हाना थंड झाली असेल.

दाराशी व्हर्लिन डबा काखेत धरून उभा होता. लोक खांद्यावर थोपटून जात होते. माफ केलं असं कुणी म्हणालं नाही, आणि ते बरं झालं. सगळ्यात शेवटी जूनबग आला. टोपी हातात फिरवत म्हणाला, "काका, ते कबुतरांचं. मी चार दिवस काचेतून बघतोय, गिऱ्हाईक खोळंबलं तरी. मान हलवतच नाहीत ती. डोकं एका जागी ठेवतात आणि अंग पुढं नेतात. मग डोकं घेतात पुढं. आपल्याला वाटतं हलवतात. जाऊन बघा नीट."

"खरंच?"

"मग काय! डोकं थांबवून जगाकडं बघून घेतात, आणि मग पाय टाकतात." तो जायला वळला, आणि पायरीवर थांबला. "काका, एक विचारू? झेलामावशीला स्वतःला काय वाटत होतं? गाता गाता होतं ते खरं, की आधीच असतं?"

व्हर्लिननं तोंड उघडलं. बाहेर ऊन होतं, पायरीवर कबुतर नव्हतं, रस्त्यावर एक गाडी सुरू होईना म्हणून खाकरत होती. त्याला तवा दिसला, पाठमोरा खांदा दिसला, तेल चरचरताना ऐकू आलं. तीन, ती म्हणाली होती, आणि जरा थांबली होती. ते थांबणं आज त्याला ऐकू आलं. तिनं त्याला तीस वर्षं विचारलं होतं. त्यानं एकदा उलट विचारायचं होतं, चार शब्द, मग तुला काय वाटतं, झेला?

"माहीत नाही, जूनबग," तो म्हणाला. "विचारलंच नाही मी."

जूनबगनं मान हलवली नाही. उभा राहिला जरा, मग पायरी उतरून आपल्या न सुरू होणाऱ्या गाडीकडं गेला. व्हर्लिन आत वळला, आणि डबा घरी न नेता, झाकण नीट बसवून, दाराशी टेबलावर ठेवला. पुढचा पाचवा रविवार उन्हाळ्यात होता.

आता माझं मागणं. व्हर्लिनची आठवण ठेवू नका. त्याची तो ठेवील. कधी तुमच्या घरात कुणी काम करता करता, पाठमोरं, काहीतरी बिनकामाचं विचारील. तेव्हा तेलाच्या चरचरीआड लपायच्या आधी, तिसऱ्या रांगेत हातमोजे काढून वाट बघत बसलेली ती जांभळ्या टोपीची बाई आठवा. आर्झेला तिचं नाव. तेवढं लक्षात असू द्या.